मऊ लीड घालताना आणि काढताना

नर्व्हला करंट देण्यासाठी शरीरात बसवायचा इलेक्ट्रोड मऊ पदार्थाचा केला की काम झालं, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. वाकताना होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी निम्मी केली की तो एक-अष्टमांश होतो. म्हणून पॉलिइमाइड या प्लास्टिकसारखा मुळात ताठर पदार्थही 10 मायक्रॉनच्या पापुद्र्यात नर्व्हभोवती सहज गुंडाळता येतो.

खरी पंचाईत पुढेच. इतकी लवचीक वस्तू ढकलली की दुमडते, आत जात नाही. मूत्राशयासाठीची सॅक्रल लीड (टोकाला इलेक्ट्रोड असलेली लवचीक तार) घ्या: त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या खालच्या टोकाकडच्या त्रिकोणी हाडाच्या, तिसऱ्या छिद्रातून सुईने वाट करून, आत वाकड्या टोकाचा स्टायलेट (लीडला ताठ ठेवणारी तार) असलेली लीड शीथमधून, म्हणजे बारीक नळीतून, सरकवतात. मग लीडच्या चारही संपर्कांवर (इलेक्ट्रोडांवर) करंट देऊन बघायचं (इथे घाई नको). गुदद्वाराभोवतीचा भाग आत ओढला गेला आणि पायाचा अंगठा खाली वळला तर एस-3, म्हणजे तिसऱ्या छिद्रातली हवी ती नर्व्ह, सापडली. टाच फिरली तर बहुधा एस-2, भाग आत ओढला जाऊनही अंगठा हललाच नाही तर एस-4. शीथ मागे घेतल्यावर लीडचे काटे उघडून ऊतीत रुततात, म्हणून त्याआधीच खात्री हवी. काढताना तिरकी ओढली तर आतली वेटोळ्याची तार ताणून तुटते, टोक आत राहतं आणि पुढे एमआरआयच्या वेळी प्रश्न येतो. घातली त्याच रेषेत, हळूहळू ओढायची.