मदत हवी आहे: पाणी गार, पण प्रोसेसर तापतोय

पहिल्यांदाच कॉम्प्युटरचा प्रोसेसर पाण्याने गार करायला कस्टम लूप (सुटे भाग घेऊन स्वतः जोडलेली पाण्याची व्यवस्था) केलाय, रायझन ७ ७८००एक्स३डी, ३६० एमएमचा रेडिएटर, डी५ पंप, सॉफ्ट ट्यूब, आत डिस्टिल्ड वॉटर आणि बायोसाइड (पाण्यात शेवाळ-जंतू होऊ नयेत म्हणून), ग्राफिक्स कार्ड लूपमध्ये नाहीये. गेम चालू केला की पाचच मिनिटांत प्रोसेसर ८८ डिग्री, पण पाण्याचा सेन्सर ३४च दाखवतो, म्हणजे रेडिएटरचा दोष नसावा बहुतेक. प्रोसेसर आणि ब्लॉक (त्यावर बसणारा, आतून पाणी फिरणारा भाग) यांच्यामधली थर्मल पेस्ट दोनदा बदलली, स्क्रू तिरपे-तिरपे सारखे आवळले, ब्लॉकखालची प्लास्टिकची फिल्म काढलीये (हे विचारणारच तुम्ही!), पंप फुल स्पीडला ठेवूनही फरक शून्य. आत्ता लक्षात आलं की ब्लॉकचं इन-आउट (पाणी आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे पोर्ट) बहुतेक उलटं जोडलंय. पाणी काढून टाकायला ड्रेन व्हॉल्व्ह बसवलेला नाही, त्यामुळे सगळं खोलायच्या आधी विचारतोय, नुसत्या उलट्या पोर्टमुळे एवढा फरक पडतो का?