हायड्रोपोनिक चाऱ्याचं मशीन घ्यावं का? ८ गाई, पाणी कमी

माणदेशी_गोठा:
नमस्कार मंडळी. माण तालुक्यात आमच्या ८ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आहेत, विहीर फेब्रुवारीतच तळाला जाते त्यामुळं नेपियर गवत, मका काही उभं राहत नाही, मार्चपासून सगळी वैरण विकतची. परवा एक जण मातीविना चाऱ्याच्या मशीनची माहिती देऊन गेला. म्हणाला १ किलो मक्याला आठवड्यात ८-१० किलो हिरवा चारा, पेंड बंद करा, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) बंद करा. किंमत सव्वादोन लाख. व्हिडिओत तर गालिचा अंथरल्यागत हिरवागार दिसतंय. कुणी वापरतंय का? खरंच पेंड बंद होते? वडील म्हणतात तोच मका दळून घाल आणि गप बस.

कोरडवाहू:
वडिलांना आमचा नमस्कार सांगा, त्यांचं गणित पक्कं आहे. चारा ओल्या वजनावर मोजायचाच नाही, पाणी काढून कोरडा माल किती ते बघायचं. मक्याच्या दाण्यात किलोमागं साधारण ९०० ग्रॅम कोरडा माल. त्याच किलोभर मक्याचा मशीनच्या ट्रेमधला चारा साडेपाच-सहा किलो भरतो (८-१० मी तरी कुठं बघितला नाही) आणि त्यात ८५ टक्क्यांच्या वर पाणीच, म्हणजे कोरडा माल निघतो ७००-८०० ग्रॅम. वाढला कुठं, घटला की! कोंब फुटताना दाणा स्वतःतलाच स्टार्च जाळतो आणि ७-८ दिवसांचं पान उन्हावर ते भरून काढण्याएवढं होतच नाही. प्रोटीन वाढतं म्हणतात ते टक्क्यात वाढतं, स्टार्च घटला म्हणून. नुसतं पाणी मारून प्रोटीनला लागणारं नत्र येणार कुठून?
मका २२ रुपये धरा. ट्रेमधून कोरडा माल किलोला २९-३० ला पडतो, लाईट मजुरी मशीन वेगळं. भरडा करून घातला तर २४-२५ अधिक दळण. आणि दुभत्या गाईला दिवसाला १२ किलोच्या आसपास कोरडा माल लागतो, तो सगळा ट्रेमधून द्यायचा तर एका गाईला ९० किलो चारा, खाईल का ती एवढा?

फोंड्याचा_गवळी:
हिशेब बरोबर पण ही एकच बाजू झाली. जुन्या गोव्याच्या आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) केंद्रात मक्याच्या चाऱ्यावर बरंच काम झालंय, त्यांचेही आकडे ५-६ पटच आहेत, कोरडा माल ११ ते १४ टक्के. पण चारा लुसलुशीत असतो, गाय मुळासकट खाते, कॅरोटीन मिळतं, एकूण खाण्याचं पचनही सुधारतं. म्हणून गाईमागं ५-१० किलो, बाकी खाणं चालूच ठेवायचं. आमच्यात जमीनच नाही म्हणून लोक याकडं वळले. मुळांची चटई हातानं फाडून भाताच्या पेंढ्यात मिसळतो आम्ही, तुम्ही कडब्याच्या कुट्टीत घाला.

माणदेशी_गोठा:
म्हणजे पेंड बंद होत नाही, कळलं. पण दावणीला हिरवं पानसुद्धा नाही हो, त्यात ३ गाई गाभण. मशीन न घेता बांबूच्या मांडणीवर थोडं करता येईल का? गावातल्या कृषी केंद्रात मागच्या हंगामाचं मका बियाणं पडून आहे, स्वस्तात देतोय.

शेळीवाली_जत:
दादा ते बियाणं अजिबात घेऊ नका!! गुलाबी रंग असतो ना त्यावर, ते औषध लावलेलं असतं, जनावराच्या पोटात जायचं नाही. मार्केटमधून खायचा मका घ्या, अख्खा दाणा बघून, फुटक्या दाण्यावरनंच बुरशी सुरू होते. आणि आधी मूठभर भिजवून उगवण बघा, सगळा मका उगवतोच असं नाही. १२ तास भिजवायचा, ओल्या गोणपाटात दिवसभर दडपायचा, मोड आले की तळाला भोकं पाडलेल्या ट्रेत अर्धा इंच थर, जाड थर नको, आत गरम होऊन सडतो. मग दर दोन तासाला पाणी शिंपडायचं. पंपानं मारणार असाल तर पंप नवा घ्या, औषध फवारणीचा नको. पत्र्याखाली मांडणी करू नका, शेडनेट आणि बाजूनं ओलं बारदान, तरी मे महिन्यात तुमच्याकडं अवघडच, तिशीच्या वर पारा गेला की बुरशी आलीच समजा. रोज चटईचं एक टोक उचलून खाली बघत जा. कुबट वास आला किंवा काळं-निळं दिसलं तर अख्खा ट्रे उकिरड्यावर, धुऊन घालायचं नाही, गाभण गाईला तर नाहीच, त्यातलं विष दुधातही उतरतं. रिकामा ट्रे ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन उन्हात टाका.

कोरडवाहू:
ताईंनी सांगितलं तसं गाभण गाईंपुरतं करा की, कोण नको म्हणतंय. पण सव्वादोन लाख असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबरात चिकातला मका उभा विकत घ्या, कुट्टी करून मुरघासाच्या बॅगा भरा. ८ गाई, १५ किलो, १२० दिवस, साडेचौदा टन होतात.

माणदेशी_गोठा:
साडेचौदा टन! जागा करतो कशीतरी, पण उंदरं बॅगा कुरतडतात त्याला काय करता तुम्ही?