शब्दचर्चा: ‘देवाचे राज्य’ म्हणजे स्वर्ग का?

भाषांतरवाली
ख्रिस्ती धर्मविचारावरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात ‘देवाचे राज्य’ पावलोपावली येतं. मराठी बायबलात कुठे ‘देवाचे राज्य’ दिसतं, कुठे ‘स्वर्गाचे राज्य’. दोन्ही एकच ना? आणि मेल्यानंतर मिळणारा स्वर्ग असा अर्थ घेतला तर चालेल का? राज्य म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे नकाशाच येतो.

जुनाबाजार
नकाशा बाजूला ठेवा, अर्धं काम तिथेच होईल. शुभवर्तमानांच्या (बायबलातल्या येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या) ग्रीकमध्ये शब्द आहे ‘बासिलेइया’, आणि त्याच्या पाठीशी हिब्रूतला ‘मल्खूत’. दोन्हींचा मुख्य रोख राजेपणावर, म्हणजे राजाचा अंमल चालण्यावर आहे. मुलूख हा अर्थही होतो, पण तो मागून येतो. आपल्या ‘राज्य’ शब्दात हे दोन्ही आहेतच की. ‘महाराष्ट्र राज्य’ म्हणताना हद्द डोळ्यांसमोर असते, ‘पेशव्यांच्या राज्यात’ म्हणताना अंमल. ‘त्या घरात सासूबाईंचं राज्य’ म्हणणारा काही घराचं क्षेत्रफळ सांगत नसतो. देवाचे राज्य या सासूबाईंच्या बाजूचं समजा.

‘स्वर्गाचे राज्य’ हा शुभवर्तमान लिहिणाऱ्यांपैकी मत्तयाचा खास शब्दप्रयोग. मार्क आणि लूक ज्या वचनात ‘देवाचे राज्य’ म्हणतात, त्याच वचनात मत्तय बहुतेक वेळा ‘स्वर्गाचे’ म्हणतो. देवाचा थेट उच्चार टाळायची यहुदी रीत त्यामागे आहे, असं आजवर सांगत आले. (आपण नाही का ‘वरच्याची मर्जी’ म्हणत?) काही अभ्यासकांना हा खुलासा पुरत नाही, कारण मत्तयही मोजक्या ठिकाणी ‘देवाचे राज्य’ म्हणतोच. पण वेगळं काही अभिप्रेत नाही, यावर फारसा वाद नाही. तेव्हा ‘स्वर्गाचे राज्य’चा अर्थ ‘स्वर्गलोक’ करू नका.

खडूस
मग ‘राज्यात प्रवेश’ याचं काय करायचं? श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे मार्क १०:२५. जागाच नसेल तर शिरायचं कुठे? सत्तेत शिरणारे राजकारणी सोडून कोण असतं?

जुनाबाजार
राजकारण्यांना कशाला सोडता, उदाहरण चांगलं दिलंत! वारकरी संप्रदायात प्रवेश करणारा तरी कुठल्या भूखंडावर पाय ठेवतो? पण तुमचा मुद्दा रास्त आहे. पूर्वेकडून-पश्चिमेकडून लोक येऊन यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्याबरोबर पंक्तीला बसतील (मत्तय ८:११), तिथे चित्र जागेचंच आहे, आणि पुढे यायच्या काळाचं. म्हणून तर खरा वाद ‘कुठे’ याच्यापेक्षा ‘केव्हा’ यावर पेटला. मार्क १:१५ घ्या: ‘देवाचे राज्य जवळ आले आहे’. म्हणजे आलं, की यायचंय? योहानेस वाइस या जर्मन अभ्यासकाने १८९२ मध्ये ठासून मांडलं की येशूला जगाचा कायापालट तोंडावर आलेला दिसत होता. माणसांनी हळूहळू घडवायचा नीतिमान समाज हा अर्थ त्याच्या गळ्यात मारू नये. आल्बर्ट श्वाइट्झर त्याच वाटेने पुढे गेले. १९३५ मध्ये ब्रिटिश अभ्यासक सी. एच. डॉड यांनी उलट टोक गाठलं: राज्य येशूच्या कार्यात आलेलंच आहे. त्यांच्या बाजूने मत्तय १२:२८ भक्कम उभं राहतं, तिथे राज्य ‘तुमच्यावर आले आहे’ अशा अर्थाचं क्रियापद आहे. पुढे बहुतेकांनी ‘आलंय, पण पुरतं नाही’ ही मधली वाट धरली. मला ती तडजोड वाटत नाही. येशूचे दाखलेच, म्हणजे बोधकथा, तसे आहेत. बाई तीन मापं पिठात खमीर लपवते. तीन मापं म्हणजे घरच्या भाकरीपुरतं पीठ नव्हे, अख्खी वाडी जेवेल एवढं. खमीर आत गेलेलं आहे, पीठ अजून फुगायचंय.

खडूस
आणि ‘देवाचे राज्य तुमच्यामध्ये आहे’? टॉलस्टॉय तर त्यावरून राज्य माणसाच्या अंतःकरणातच आहे असं म्हणाले.

जुनाबाजार
लूक १७:२१. तिथला ग्रीक शब्द ‘आत’ आणि ‘मधोमध’ असा दोन्हीकडे झुकतो. पण येशू हे बोलतोय कोणाशी? परूश्यांशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांशी, ज्यांच्याशी त्याचं सतत वाजायचं. त्यांच्या अंतःकरणात राज्य आहे असं तो म्हणेल हे मला अवघड वाटतं. ‘तुमच्या देखत, तुमच्यात उभं आहे’ हे जास्त जुळतं. मराठीतलं ‘तुमच्यामध्ये’ सुदैवाने दोन्ही बाजू सांभाळतं, त्याला हात लावू नका.

सातारकर
प्रभूची प्रार्थना नीट ऐका: ‘तुझे राज्य येवो’, आणि लगेच ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही’. आम्हाला तिकडे ने असं नाही, ते इकडे येऊ दे असं मागणं आहे. आपल्याकडे दिवाळीत ओवाळताना म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’. तीच क्रिया, तोच रोख: न्यायी राजाचा अंमल या मातीत येऊ दे. रोमच्या अंमलाखाली आपला जुना राजा दावीद याच्या राज्याची आठवण काढणाऱ्यांना हे शब्द नुसते भक्तीचे वाटले नसणार. क्रुसावर आरोपाची पाटीही ‘यहुद्यांचा राजा’ अशीच लागली. १९२९ मध्ये गांधीजींनी रामराज्याचा अर्थ हिंदू राज्य नव्हे, ईश्वराचं राज्य असा सांगितला, तेही या कुळातलंच. आणि आमच्या साताऱ्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा येशूच्या अनुयायांचा मेळा काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. ‘दरबार’ म्हटलं की राजा समोर बसलेला दिसतो, हद्दीच्या खुणा दिसत नाहीत.

भाषांतरवाली
मग सगळीकडे ‘देवाची सत्ता’ करून टाकू का?

जुनाबाजार
नको. ‘सत्ता’ला आज निवडणुकीचा वास येतो, आणि प्रार्थनेतली ओळ लोकांना तोंडपाठ आहे, ती बदललीत तर वाचक अडखळेल. ‘देवाचे राज्य’च ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे देवाचा अंमल’ एवढं जोडा. मत्तयात जिथे ‘स्वर्गाचे राज्य’ आहे, ती अवतरणं मात्र तशीच राहू द्या, नाहीतर मुळाशी ताडून पाहणारा वाचक तुम्हाला पत्र लिहील.