अ‍ॅक्सेंट म्हणजे हेल का?

अ‍ॅक्सेंटला सगळे सरसकट हेल म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. हेल म्हणजे बोलण्यातला सूर, कुठे वर चढतो, कुठे शेवटचं अक्षर लांबतं ते, म्हणून तर आपण 'हेल काढून बोलतो' असं म्हणतो. आघात हा पण शब्द अ‍ॅक्सेंटसाठी वापरतात पण तो अजून वेगळा, एखाद्या अक्षरावरचा जोर. हॉटेल म्हणताना आपला जोर हॉ वर, इंग्रजांचा टेल वर, हा झाला आघात. आणि उच्चार परत तिसराच.

हा फरक मला नीट कळला तो पुण्यात दोन वर्षं यूकेच्या व्हॉइस प्रोसेसला, म्हणजे तिकडच्या ग्राहकांचे फोन घेणाऱ्या कॉल सेंटरला होते तेव्हा. ट्रेनिंगमधे 'न्यूट्रल अ‍ॅक्सेंट' शिकवायचे, व्हॅन म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर, वन म्हणताना ओठांचा चंबू, आणि मॉक कॉल म्हणजे सरावाचा फोन झाला की शेरा ठरलेला, तुझा एमटीआय खूप आहे. एमटीआय म्हणजे बोलण्यात डोकावणारी मातृभाषा. मग फ्लोअरवर, म्हणजे खरे फोन घ्यायला गेल्यावर सुरुवातीच्याच कॉल्समधे ग्लासगोच्या एक आजी आल्या, हाउसला हूस, डाउनला डून, छोटंसं काही असलं की 'वी', पहिली दोन मिनिटं मला काही लागेना, आणि मग त्यांनी कार्ड नंबर सांगायला घेतला तेव्हा एकदम र ऐकू आला. कार्ड, नंबर, फोर, जिथे जिथे र लिहिलाय तिथे तिथे जिभेवर वाजलेला, आपल्या 'दार'मधल्यासारखा. तेव्हापासून माझी पहिली पसंती ग्लासगो, आजपर्यंत बदललेली नाही. लंडनकडचे लोक कार्डचं काऽड करतात, तिकडच्या बोलण्यातून हा र अठराव्या शतकात गळत गेला, स्कॉटलंड आणि आयर्लंडने तो टिकवला.

दुसरी पसंती वेल्स, आणि तिथे मात्र हेल हाच शब्द चपखल बसतो. मधलं व्यंजन दाबून लांबवतात, मनीचं जवळजवळ मन्नी होतं, आणि वाक्य झोके घेत पुढे जातं, मला कोकणातली मावशी आठवायची. न्यूकॅसलवाले अनोळखी माणसाला पण 'पेट' म्हणतात, आपण बाळा म्हणतो तसं, ते ऐकून रात्री नऊ वाजता सुद्धा बरं वाटायचं. अमेरिकन मला सपाट वाटतो, वॉटरचं वॉडर, त्यात मन रमत नाही.

आता ज्याला लोक 'शुद्ध' इंग्रजी म्हणतात ते, म्हणजे जुन्या बीबीसीचं. समजायला मला ते सगळ्यात सोपं, आवडीत मात्र खाली, आणि शुद्ध हा शब्द तर त्याला अजिबात लावू नये असं मला मनापासून वाटतं. १९४१ मधे युद्ध चालू असताना बीबीसीने उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या, हॅलिफॅक्स गावच्या विल्फ्रेड पिकल्सना देशभरच्या बातम्या वाचायला दिल्या तर त्यांच्या यॉर्कशायरी बोलण्यावर श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. म्हणजे यॉर्कशायरच्या माणसाला त्याच्याच देशात हे ऐकावं लागलं.

आपल्या थ चंच बघा. थिन म्हणताना आपण थाळीतला थ वापरतो, जीभ दातांना टेकवून, आणि ट्रेनिंगमधे तो चुकीचा धरायचे. आयर्लंडमधे बरेच जण तिथे जीभ दातांना टेकवूनच त सारखा उच्चार करतात, त्यांना कुणी एमटीआय म्हणत नाही, आयरिश अ‍ॅक्सेंट म्हणतात आणि वर कौतुक करतात. न्यूट्रल असं काही मला त्या दोन वर्षांत एकाही कस्टमरकडे सापडलं नाही, प्रत्येकाच्या बोलण्यात त्याचं गाव होतं.

तर अख्ख्या अ‍ॅक्सेंटसाठी मी स्वतः 'ढब' वापरते, ग्लासगोची ढब, वेल्सची ढब, त्यात उच्चार, आघात, हेल तिन्ही मावतात. लकब नको, लकब एका माणसाची असते, गावाची नसते. लहेजा छान आहे पण तो मला थोडा कपडे करून बाहेर निघाल्यासारखा वाटतो, घरात वापरवत नाही. वऱ्हाडात, खानदेशात, गोव्यात यासाठी घरात बोलला जाणारा वेगळा शब्द असेल तर नक्की सांगा, आणि वाक्यात वापरून सांगा.