नव्या पेयासाठी स्वतःचे युनिट उभारावे की दुसऱ्याच्या कारखान्यातून माल करून घ्यावा?

प्रश्न : नवा_भागीदार

आम्ही दोघे मिळून फळांच्या रसावर आधारित, वायू न भरलेले आणि साखर कमी असलेले पेय काचेच्या बाटलीतून बाजारात आणणार आहोत. पाककृती लहान प्रमाणावर जमली आहे आणि चाखणाऱ्यांना ती आवडलीही आहे. आता तीन मार्ग दिसतात : स्वतःचे छोटे युनिट, आमच्या पाककृतीप्रमाणे माल करून देणारा को-पॅकर, किंवा एखाद्या कारखान्याच्या तयार पेयावर आमचे लेबल. माझ्या भागीदाराला गुणवत्ता आपल्या हाती राहावी म्हणून युनिट हवे आहे. मला मात्र यंत्रांत सगळे भांडवल अडकेल अशी धास्ती वाटते. ज्या को-पॅकरांशी बोललो त्यांची किमान ऑर्डर आमच्या अपेक्षित विक्रीच्या मानाने फार मोठी आहे. निवड नेमकी कशाच्या आधारे करावी?

उत्तर : प्रक्रिया_तंत्रज्ञ

व्यवस्थेचा विचार करण्याआधी पेयाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके पेय अधिक आम्ल) मोजून घ्या, कारण अर्धी निवड तोच करून टाकतो. पीएच 4.6 किंवा त्याहून कमी असेल, तर क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू रुजून विष तयार करू शकत नाहीत, आणि म्हणून 100 अंशांखालचे पाश्चरायझेशन किंवा हॉट फिल (गरम रसच बाटलीत भरून लगेच झाकण लावणे) पुरेसे ठरते. पीएच त्याहून जास्त असेल आणि माल शीतगृहाबाहेर टिकवायचा असेल, तर सुमारे 121 अंशांवर दाबाखाली केलेली रिटॉर्ट प्रक्रिया किंवा असेप्टिक (निर्जंतुक केलेला माल निर्जंतुक पॅकिंगमध्ये भरण्याची) भरणी लागते, आणि ती छोट्या युनिटच्या आवाक्याबाहेरची गोष्ट आहे. उच्च दाबाची एचपीपी प्रक्रिया चव उत्तम राखते. पण तिच्यात साधारण 600 मेगापास्कल दाब देतात, त्यामुळे दाबाखाली आकसू शकणारे पॅकिंग लागते आणि काच बाद होते. शिवाय तिने बीजाणू मरत नसल्याने माल थंडच ठेवावा लागतो.

फळांची आम्लता हंगामागणिक बदलते, म्हणून एकदा आलेल्या आकड्यावर विसंबून न राहता प्रत्येक बॅचचा पीएच भरणीपूर्वी तपासण्याची सोय असली पाहिजे. आम्ल पेय सुरक्षित असले तरी खराब होणारच नाही असेही नाही. यीस्ट आणि बुरशी तर आहेतच, पण अ‍ॅलिसायक्लोबॅसिलस नावाच्या जिवाणूचे बीजाणू हॉट फिलमधूनही वाचतात आणि रसाला औषधासारखा वास आणतात. तो आजार पसरवत नाही, ग्राहक मात्र घालवतो.

तेव्हा को-पॅकरला पहिला प्रश्न दराचा नव्हे, तर लाइनचा (भरणीच्या यंत्रांच्या साखळीचा) विचारा : काचेवर हॉट फिल करता का, बाटल्या आधी गरम करून घेता का, आणि भरल्यावर बाटली आडवी किंवा उलटी करून झाकणाच्या आतल्या बाजूलाही उष्णता पोहोचवता का? एवढ्यावरच तुमची यादी निम्मी होईल. चाचणी बॅचशिवाय मात्र सही करू नका. मोठ्या भांड्यातील द्रव तापायला आणि निवायला लहान पातेल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, तेवढा वेळ रस शिजत राहतो आणि तुम्हाला आवडलेला ताजेपणा त्यातच निघून जातो.

उत्तर : करारनामा

वरील उत्तर मान्य आहे. मी कराराच्या बाजूने भर घालतो. तयार पेयावर लेबल लावण्याचा मार्ग सर्वांत झटपट खरा, पण त्यात पाककृती बहुधा कारखान्याच्या मालकीची असते. उद्या तिथून बाहेर पडलात, तर तुमच्याकडे नाव उरते आणि चव मागे राहते. चव हेच तुमचे भांडवल असेल, तर हा पर्याय आताच बाजूला ठेवा.

को-पॅकरशी करार करताना पाककृती वजनांत लिहून घ्या आणि तापमान, वेळ, पीएच, ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखरेचे माप) यांच्या मर्यादाही त्यातच नोंदवा. या मर्यादा तुमच्या मालकीच्या आहेत हे स्पष्ट शब्दांत असावे, नाहीतर कारखाना बदलताना सगळे पुन्हा शोधत बसावे लागते. लाइन सुरू होताना आणि बंद होताना वाया जाणारा माल कोणाच्या खात्यात धरायचा, हा वाद जवळपास प्रत्येक ठिकाणी होतो, म्हणून वाया जाण्याची कमाल टक्केवारी आधीच ठरवा. त्याच लाइनवर दूध, सोया किंवा सुकामेव्याचा माल चालत असेल, तर धुलाईची पद्धत आणि अ‍ॅलर्जनच्या (अ‍ॅलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांच्या) चाचणीच्या नोंदी मागा. भेटीच्या वेळी कोणतीही एक जुनी बॅच निवडून तिचा कच्चा माल कुठून आला आणि तयार माल कुठे गेला, हे समोर काढून दाखवायला सांगा. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा या एका तपासणीतून मला जास्त कळते.

उत्तर : छोटी_लाइन

युनिटला इतक्या लवकर निकालात काढू नये असे मला वाटते. तुमची प्रक्रियाच वेगळी असेल, उदाहरणार्थ काही काळ मुरवत ठेवण्याचा टप्पा असेल, तर को-पॅकर त्यासाठी टाकी अडवून ठेवायला सहसा तयार होत नाही. पण हे पेय साध्या हॉट फिलचे असेल, तर भागीदाराची गुणवत्तेची काळजी युनिटशिवायही मिटते : प्रत्येक उत्पादनाच्या दिवशी तुमच्यापैकी एकाने लाइनवर हजर राहायचे आणि पीएच व भरणीचे तापमान पाहूनच बॅच पुढे सोडायची, हा अधिकार करारात घाला. अर्धा वेळ बंद राहणाऱ्या यंत्राचा हप्ता आणि देखभाल मात्र पूर्ण वेळ चालू असते, हे त्यांना आकडे मांडून दाखवा.

किमान ऑर्डरची तुलना वर्षाच्या विक्रीशी न करता मालाच्या टिकण्याशी करा. एका ऑर्डरचा माल किती महिन्यांत खपेल ते काढा. दुकानदार माल घेताना त्याच्या मुदतीचा बराच काळ शिल्लक असावा असे मागतात, म्हणून तो काळ शेल्फ लाइफमधून (माल टिकण्याच्या एकूण काळातून) आधीच वजा करा. खपण्याचा काळ उरलेल्या काळात बसत नसेल, तर स्वस्त दराचा उपयोग नाही. अशा वेळी जास्त दर देऊन लहान बॅच घेणारा को-पॅकर शोधा, किंवा भाड्याने मिळणाऱ्या सामायिक लाइनवर स्वतःची माणसे नेऊन उत्पादन करा.

नवा_भागीदार

सर्वांचे आभार. पीएच साडेतीनच्या आसपास असल्याचे आम्हाला ठाऊक होते, पण त्याचा लाइनच्या निवडीशी संबंध जोडला नव्हता. शेल्फ लाइफची चाचणी लहान प्रमाणावर केलेल्या नमुन्यांवर आताच सुरू करावी का?

प्रक्रिया_तंत्रज्ञ

अंदाज घेण्यापुरती करा. लेबलवर छापायचा काळ मात्र ज्या लाइनवर माल होणार, त्याच लाइनवरच्या आणि त्याच झाकणाच्या बाटल्यांवरूनच ठरवा. वाढीव तापमानातील चाचणी लवकर उत्तर देते, तरी तिच्यासोबत नेहमीच्या तापमानातील बाटल्याही शेवटपर्यंत ठेवाव्यात.