गेंटचा पाव आणि बेल्जियमचं मत

१८९३ च्या सार्वत्रिक संपाने बेल्जियमच्या कामगाराला मताधिकार मिळाला, असं म्हणतात. मिळाला, पण लंगडा. २५ वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला एक मत. मालमत्ता किंवा पदवी असेल तर जादा, कमाल तीन. त्यामुळे १८९४ ला समाजवाद्यांचे २८ खासदार येऊनही कॅथलिक पक्षाचं बहुमत ढळलं नाही. समान मतासाठीचा १९०२ चा संप लूव्हेन शहरातल्या गोळीबारानंतर गुंडाळावा लागला. १९१३ ला मात्र कामगारांनी आधी बचत साठवून मगच काम थांबवलं. एक पुरुष, एक मत आलं १९१९ च्या निवडणुकीत. संसदेसाठी सर्व स्त्रियांना मत थेट १९४८ मध्ये. ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

कामगार चळवळीचा कणा मात्र बेल्जियमच्या गेंट शहरात होता. समाजवादी नेता एदुआर्द आनसीलच्या 'फोराउट' सहकारी संस्थेची बेकरी बघा: सभासद पावाचे बिल्ले आगाऊ विकत घेत, त्यामुळे उधारी बुडायची भीती नाही. वर्षाचा नफा रोख न देता संस्थेच्याच दुकानांतल्या मालाच्या रूपाने परत मिळे, म्हणजे पैसा चळवळीतच फिरे.

१९०१ पासून गेंट नगरपालिकेने युनियनच्या बेकारी भत्त्यात स्वतःची भर घालायला सुरुवात केली. बेल्जियममध्ये आजही बहुतेक बेकारांचा भत्ता युनियनमार्फतच मिळतो, म्हणून तिथली सभासदसंख्या फ्रान्ससारखी घसरलेली नाही.