मदत हवी: पोर्ट ब्लेअर पायी बघायचंय

भटकीवही: एजंट ऐकतच नाही. गाडीतून उतरा, फोटो काढा, पुन्हा चढा. मला चालत बघायचंय. सेल्युलर जेल, जपानी ताब्याच्या खुणा, नेताजींनी झेंडा फडकवला ती जागा. सुरुवात कुठून करू? आज रात्रीपर्यंत सांगा, बुकिंग अडलंय.

दर्यावर्दी: कधी जाताय? किती दिवस? सोबत कोण?

निळाई: हॅवलॉकला स्कूबा चुकवू नका!

दर्यावर्दी: ते कुणी विचारलंय का?

भटकीवही: डिसेंबर. एक अख्खा दिवस. मुक्काम अबर्डीन बाजारात. सोबत आई.

सह्यवेडा: मग जेल चालत गाठाल. सकाळी दार उघडताच आत जा. मूळचे सात पाखे (इमारतीच्या लांब बाजू), उभे आहेत तीनच. प्रत्येक पाख्याचं तोंड पुढच्याच्या पाठीकडे, म्हणजे गजांतून समोर बघितलं तरी दुसरा कैदी दिसायचा नाही. तात्याराव सावरकरांच्या कोठडीत दोन मिनिटं गप्प उभे राहा. मग उतारानं मरीना पार्क आणि जिमखाना मैदान (आताचं नेताजी स्टेडियम). ३० डिसेंबर १९४३ ला झेंडा फडकला तो तिथेच. अंगावर काटा येतो.

काळेपाणी४४: एवढंच बघून परतू नका. जपानी १९४२ ते ४५ तिथे होते. पंजाबी कवी डॉ. दिवाण सिंग यांना त्यांनी याच जेलमध्ये छळून मारलं, जानेवारी १९४४ मध्ये. त्याच महिन्याच्या ३० तारखेला हंफ्रेगंज गावात ४४ जणांना गोळ्या घातल्या. झेंड्यानंतर बरोबर एका महिन्यानं.

सह्यवेडा: नेताजींच्या नावाला त्याची झळ लावू नका.

काळेपाणी४४: लावत नाहीये. पण मैदान बघायचं आणि ही माणसं विसरायची, हे मला पटत नाही. हंफ्रेगंज मात्र लांब आहे, तिथे गाडीच लागेल.

मुसाफिर: शहराचं नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम आहे. शीर्षक बदला.

भटकीवही: जेलमध्ये जिने किती? आईचे गुडघे दुखतात.

दर्यावर्दी: हे आधी सांगायचं ना! तात्यारावांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. जेल सकाळीच करा, पाय ताजे असताना. मग बोटीनं रॉस बेट, जपानी बंकर धक्क्याजवळच आहे. बुधवारी बेट बंद असतं, वार बघून घ्या. आणि पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, दुपारी झोपू नका.

भटकीवही: आई म्हणते, थांबत थांबत का होईना, कोठडीपर्यंत चढणारच. एजंटला हंफ्रेगंजपुरती गाडी सांगतोय.